कटल्याचा नाद सोडा

प्रश्न: दादा, मी माजलगावकडचा. ऑनलाईन फ्लाय रॉड मागवला, म्हणजे गळावर बांधलेला नकली किडा (फ्लाय) जड दोरीच्या (लाईनीच्या) जोरावर फेकायची काठी, 9 फुटी, 8 वेटचा, म्हणजे 8 नंबर वजनाच्या लाईनीचा. दोन महिने झाले दर रविवारी धरणाच्या फुगवट्यावर जाऊन उभा राहतो, कटले मासे समोर वर येऊन तोंडं उघडतात पण फ्लायकडं ढुंकून बघत नाहीत. भोई मंडळी हसतात, म्हणतात कणकेची गोळी लाव की गड्या. माझं कुठं चुकतंय?
– एक वाचक

उत्तर: भाऊ, फेकण्याचं नंतर बघू, आधी मासाच चुकीचा धरलाय तुम्ही. कटल्याचं तोंड वर वळलेलं असतं, तो वरच्या थरातले बारीक बारीक जीव पाण्यासकट घेऊन गाळून खातो, त्याला कोंबड्याच्या पिसाचा किडा कशाला लागतोय. तुमच्या कामाचा मासा म्हणजे सिप्रिनस, कॉमन कार्प. तो मुळात इकडचा नाहीच, 1939 ला श्रीलंकेतून निलगिरीत आणला, 1957 ला बँकॉकवरून त्याचीच दुसरी जात आली, आता जिथं तिथं तोच. मिशांच्या दोन जोड्या, तळ उकरायची सवय, अळ्या गोगलगायी काय सापडेल ते खातो.

सकाळी लवकर जा, आणि गेल्या गेल्या फेकू नका. नुसतं बघा. उथळ पाण्यात एखाद्या जागी चिखलाचा ढग उठतो, कधी शेपटीचं टोक वर येतं, म्हणजे गडी मुंडी खाली घालून चरतोय. चालताना पाय आपटू नका, ह्या माशाची हवेची पिशवी बारीक हाडांनी कानाला जोडलेली असते, काठावरची धपधप त्याला लगेच कळते. फ्लाय काळा नाहीतर तपकिरी, थोडा जड, तळाला बसेल असा. डोक्यावर टाकला की पळालाच समजा, तो ज्या दिशेला चाललाय तिकडं दोन-तीन फूट पुढं टाका आन् बसू द्या.

पुढचं लई जणांना जमत नाही, मलाही एक अख्खा उन्हाळा लागला. झटका बसायची वाट बघू नका, तो ओढत नाही, तोंडात शोषून घेतो आणि नाही पटलं तर थुंकून मोकळा. म्हणून नजर माशावर ठेवा, तो थांबला, मान वळवली, किंवा लाईन जराशी सरकली की हाताने लाईन खेचायची, रॉड उचलायचा नाही. मग मात्र सोडा त्याला पळू, बोटं लाईनीत अडकवू नका.

अजून एक. अमेरिकेत तुतीची फळं पाण्यात पडतात तिथं कार्प जमतात, म्हणून तिथले लोक तुतीसारखा दिसणारा फ्लाय बांधतात. आपल्याकडं तुती रेशमाच्या पाल्यासाठी, पण नदीकाठी उंबर आहेच की! तांबूस लोकरीचा गोळा गळावर बांधा आन् उंबराखाली फळ पडल्यासारखा टप्पकन टाकून बघा. गवत्या मासा (ग्रास कार्प) पण येईल कदाचित.

धरणाचा ठेका बहुतेक ठिकाणी मच्छीमार संस्थेकडं असतो, आधी त्यांना विचारा. नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय, पक्षी अभयारण्य आहे, तिकडं रॉड घेऊन जाऊच नका. आणि त्या भोई मंडळींवर रुसू नका, चहा पाजा, ढग कुठं उठतात आणि कोणतं उंबर पाण्यावर वाकलंय ते त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.