ओव्हन नाही, महाग सामान नाही, तरी परदेशी घरगुती जेवण कुठून सुरू करावं?

तुम्ही विचारलंय की पिझ्झा-पास्ता सोडून इतर देशांतलं पारंपरिक घरगुती जेवण करून बघायचं आहे, पण घरात ओव्हन नाही, महागडं सामान आणायचं नाही आणि सासूबाई शाकाहारी आहेत, तर सुरुवात कुठून करावी. माझं उत्तर सरळ आहे: इजिप्तच्या कोशारीपासून करा, म्हणजे मसूरभात, मॅकरोनी, छोले आणि टोमॅटोचा रस्सा यांचे थर आणि वर तळलेला कांदा. का, ते सांगतो. त्यानंतर काय करता येईल तेही सांगतो.

नुसतं देशाचं नाव घालून पदार्थ शोधायला गेलात तर लग्नाकार्याचे, पाहुणचाराचे पदार्थच आधी पुढे येतात. त्यांचं सामान महाग आणि खटाटोपही भरपूर. त्याऐवजी त्या देशात तापातल्या पोराला काय भरवतात, महिनाअखेरीला काय शिजतं, उपासाला काय चालतं, हे शोधा. तिथे तांदूळ, डाळ, कांदा, कोबी, भोपळा हेच सापडतं. सामान आपल्या वाण्याकडे असतंच, शिकायची असते ती रीत. इतक्या वर्षांत मला एक पक्कं कळलंय: एखादा जिन्नस बदलला तर पदार्थ तग धरतो, पण रीतीतली कळीची पायरी गाळली की तो पदार्थच उरत नाही.

कोशारी मी शारजात शिकलो. नोकरीनिमित्त तिथे सहा वर्षं होतो आणि शेजारी कैरोचं कुटुंब होतं. त्यांच्या घरच्या काकूंना सगळी पोरं ‘तांत’ म्हणायची, मीही तेच म्हणू लागलो. त्यांनी सांगितलेल्या यादीत तांदूळ, मसूर, छोले, मॅकरोनी, टोमॅटो, कांदा, लसूण आणि व्हिनेगर एवढंच होतं. मी घरी येऊन तांदूळ-मसूर एकत्र कुकरला लावले, तीन शिट्ट्या काढल्या, वर टोमॅटोची चटणी ओतली. झाली ती खिचडी, गाळ शिजलेली. तांतना नेऊन दाखवली तर त्यांनी चमच्याने थोडी खाल्ली आणि विचारलं, “कांदा कुठे आहे?” मी म्हटलं, घातलाय की आत. त्यांनी मान हलवली आणि पुढच्या शुक्रवारी मला त्यांच्या ओट्यापाशी उभं केलं.

कोशारीचा जीव कांद्यात आहे. चार माणसांना चार मोठे कांदे घ्या. ते उभे, पातळ आणि एकसारखे चिरा. जाडपातळ झाले तर निम्मे करपतील आणि निम्मे लिबलिबीत राहतील. थोडं मीठ चोळून दहा मिनिटं ठेवा, सुटलेलं पाणी फडक्यात घट्ट पिळून काढा, वर चमचाभर कॉर्नफ्लॉवर भुरभुरवा. कढईत वाटीभर तेल मध्यम आचेवर तापवा आणि कांदा दोन घाण्यांत तळा. पहिली पाच-सात मिनिटं काहीच होत नाही असं वाटतं, नुसता फेस येत राहतो. मग फेस कमी होतो, कडा सोनेरी होतात आणि तिथून पुढे कढईवरची नजर हलवायची नाही. तुम्हाला हवा त्यापेक्षा एक छटा फिका असतानाच झाऱ्याने काढा, कारण ताटात पसरल्यावरही तो गडद होत जातो. बिर्याणीचा बिरिस्ता केला असेल तर हात बसलेला असेलच.

आता मुख्य गोष्ट, जी मला यादीवरून कधीच कळली नसती: ते तेल टाकायचं नाही. कांद्याचा सगळा गोडवा त्यात उतरलेला असतो. त्यातलंच दोन चमचे तेल भातात जातं, दोन चमचे टोमॅटोच्या रश्श्यात. चारही थर वेगवेगळे शिजूनही एकाच घरचे लागतात ते या तेलामुळे.

मसूर अख्खा घ्यायचा, सालीसकट, म्हणजे कराड-इस्लामपूरकडच्या ढाब्यांवर ‘अख्खा मसूर’ करतात तोच. वाटीभर मसूर न भिजवता बारा-पंधरा मिनिटं उकळा, अर्धा कच्चा असताना निथळून घ्या. पातेल्यात कांद्याचं तेल, त्यात मूठभर शेवया तांबूस होईपर्यंत परता, वाटीभर धुतलेला तांदूळ आणि निथळलेला मसूर घाला, दोन वाट्या आधणाचं पाणी, मीठ, झाकण, मंद आच. दाणा मोकळा हवा. छोले रात्री भिजवून वेगळे शिजवा, मॅकरोनी वेगळी उकडा. भांडी जास्त पडतात, पण एकत्र शिजवायचा मोह धरू नका. एकाच घासात मऊ, चिवट, कुरकुरीत असं सगळं आलं पाहिजे.

रश्श्यासाठी त्याच तेलात पाच-सहा लसूण पाकळ्या ठेचून परता, सहा टोमॅटोंचा गाळलेला रस घाला, अर्धा चमचा जिरेपूड, चमचाभर धनेपूड, तिखट, मीठ. वीस मिनिटं आटवा आणि शेवटी चमचाभर व्हिनेगर. याशिवाय एक ‘दा’आ’ लागतं: चार पाकळ्या लसूण मीठ-जिऱ्याबरोबर ठेचायची, त्यावर तीन चमचे व्हिनेगर, अर्ध्या लिंबाचा रस आणि अर्धी वाटी पाणी. हे पातळ, झणझणीत आंबट पाणी ज्याने त्याने आपल्या ताटात वरून घालायचं. खाली भात-मसूर, त्यावर मॅकरोनी, रस्सा, छोले आणि सगळ्यात वर कांदा.

सासूबाईंना हे बिनधास्त वाढा. तूप-लोणी-अंडं काही नाही. इजिप्तमधल्या कॉप्टिक ख्रिस्ती लोकांचे वर्षातले दोनशेहून जास्त दिवस उपासाचे असतात, त्यांत मांस, दूध, अंडी वर्ज्य. कोशारी तेव्हाही चालते. आणि तिचं मूळ आपल्या खिचडीशी जोडलं जातं, ब्रिटिश काळात ती तिकडे पोचली असं मानतात. माझ्या पहिल्या फसलेल्या कोशारीची खिचडी झाली होती त्याबद्दल मला आता फारसं वाईट वाटत नाही.

दुसरा पदार्थ, कोशारी जमल्यावर: युक्रेनचा बोर्श्च. बिटाचं सार म्हणा हवं तर. तो मांसाचाच असतो असा समज आहे, पण तिथे नाताळच्या आदल्या रात्री बारा पदार्थांचं जेवण असतं, त्यात मांस नसतं आणि बोर्श्चही वाळवलेल्या अळंब्या किंवा घेवड्याचे दाणे घालून करतात. आपण राजमा घालू शकतो. २०२२ च्या जुलैत, युद्ध चालू असताना, युनेस्कोने बोर्श्च शिजवण्याची ही युक्रेनी परंपरा तातडीने जपायच्या वारशांच्या यादीत घेतली. घरं सोडून गेलेल्या लोकांना तो शिजवायला स्वतःची चूल आणि स्वतःच्या मळ्यातलं बीट उरलं नव्हतं, म्हणून. हे वाचल्यापासून मी तो घाईघाईत करत नाही.

इथली कळीची पायरी बिटाची आहे. बीट पाण्यात सगळ्या भाज्यांबरोबर उकळत ठेवलं तर तासाभरात लाल रंग उतरून मातकट विटकरी सार तयार होतं. लांब उकळीने रंग मोडतो आणि आंबटपणाने तो टिकतो. म्हणून दोन बिटं किसून कांदा-गाजराबरोबर सूर्यफुलाच्या तेलात वेगळी परतायची, त्यात चमचाभर व्हिनेगर आणि दोन टोमॅटोंचा रस घालून झाकण ठेवून मऊ करायची. दुसऱ्या पातेल्यात बटाटा शिजत आला की चिरलेला कोबी आणि शिजलेला राजमा. बीट सगळ्यात शेवटी, दहा मिनिटंच. मीठ, मिरी, तमालपत्र, ठेचलेला लसूण घालून गॅस बंद. लगेच वाढू नका. त्याची खरी चव दुसऱ्या दिवशी लागते.

आणि वरून शेपू! आपल्याकडे किती घरांत शेपूचं नाव काढलं की पोरं ताटावरून उठतात. माझी मुलगी त्यांतलीच. मुगाच्या डाळीबरोबर परतलेला शेपू तिने आयुष्यात खाल्ला नाही, पण कच्चा, बारीक चिरलेला शेपू आंबटगोड बिटाच्या सारावर पडला तेव्हा तिने वाटी चाटूनपुसून साफ केली. तिकडे वरून आंबट साय घालतात. आपण चक्क्यात थोडी साय फेटून तो गोळा वाटीत घालायचा, उकळत्या पातेल्यात नाही, फाटतो. सोबत त्यांचे लसूण लावलेले छोटे पाव असतात. लादी पाव तव्यावर गरम करून त्यावर लसूण-तेल-शेपू चोळला की चांगली जोड होते.

एक विनंती आहे आणि ती मी मनापासून करतो: पहिल्या खेपेला फोडणी घालू नका. मोहरी, हळद, हिंग, गोडा मसाला, काही नाही. बोर्श्च चाखल्यावर हात आपोआप डब्याकडे जातो, “काहीतरी कमी वाटतंय” असं वाटतं. कमी असतं ते बहुधा मीठ नाहीतर आंबट. एकदा तो पदार्थ जसा आहे तसा खा. तीन-चारदा केल्यावर मग आपल्या घरासारखा बदला, तेव्हा काय बदलतोय हे तुम्हाला माहीत असेल.

आजारपणाचं जेवण करून बघायचं तर मऊ भात. यात आपण परके नाहीच. इंग्रजीतला ‘कॉन्जी’ हा शब्दच तमिळ ‘कंजी’वरून गेलाय, आणि कोकण-गोव्यात पेज रोजच्या जेवणात आहे. तरी करून बघा, कारण तांदूळ-पाणी तेच असून रीतीने किती फरक पडतो ते इथे दिसतं. दक्षिण चीनमधला ‘जूक’ एक वाटी तांदळाला दहा वाट्या पाणी घालून तासभर शिजवतात, अधूनमधून ढवळतात, दाणा फुटून सगळं दुधासारखं एकजीव होतं. जपानी ‘ओकायू’ला साधारण पाचपट पाणी आणि ढवळायचं जवळजवळ नाहीच, दाणा फुललेला पण अख्खा राहतो. त्यावर उमेबोशी, म्हणजे खारवलेलं आंबट जपानी फळ ठेवतात, आणि माझ्या मते खारातली कैरी तिथे अजिबात उपरी वाटत नाही. नव्या वर्षाची जेवणावळ झाली की ७ जानेवारीला जपानात सात प्रकारचा हिरवा पाला घातलेला असाच मऊ भात खातात, पोटाला विसावा म्हणून.

केनियाची ‘उगाली’ पटकन सांगतो: आधणात मक्याचं पीठ वैरून लाकडी कालथ्याने जोर लावून घोटायचं, कडा सोडेपर्यंत. ज्वारीची उकड घोटणाऱ्याला वेगळं शिकवायला नको. सोबत ‘सुकुमा विकी’ ही पालेभाजी. स्वाहिलीत त्या नावाचा अर्थ आठवडा ढकलणं. तिकडचा पाला इथे सहज मिळत नाही, पण नवलकोलाची पानं त्याच जातकुळीतली. भाजीवाली बहुधा ती फेकूनच देते. कांदा-टोमॅटोवर बारीक चिरून परता. बास.

एका पदार्थाबद्दल मात्र मी अजून अडखळतो. कॅरिबियन समुद्रातल्या हैती देशात १ जानेवारीला घरोघरी भोपळ्याचं ‘सूप जूमू’ होतं. फ्रेंच मालकांच्या राज्यात गुलामांनी ते शिजवायचं, पण खायचं नाही, अशी रीत होती. १ जानेवारी १८०४ ला देश स्वतंत्र झाला, तेव्हापासून त्या दिवशी ते सगळ्यांनी खायचं. ते गोमांसाचं असतं. आमच्याकडे मी लाल भोपळा, बटाटा, कोबी, सलगम, थोडी मॅकरोनी, लवंग, अख्खी हिरवी मिरची आणि शेवटी लिंबू असं करतो. छान होतं, पण त्याला मी सूप जूमू म्हणत नाही, जूमूवरून केलेलं भोपळ्याचं सूप म्हणतो. १ तारखेला जेवताना मुलांना ती गोष्ट सांगतो. तुम्हीही पदार्थ त्याच्या दिवशी करून बघा. वर्षभर लक्षात राहतो.

सामानात खरं तर एकच नवी बाटली घ्यायची आहे, साध्या व्हिनेगरची. ती कोशारीलाही लागते, बोर्श्चलाही. शनिवारी रात्री अर्धी वाटी छोले भिजत घाला, रविवारी सकाळी कांदे आधी तळून घ्या, बाकी सगळं तासाभरात होतं. आणि कांदे चार सांगितले असले तरी सहा चिरा. ताटात पसरलेला तो कुरकुरीत कांदा घरातली माणसं येताजाता उचलतात, आणि वाढायच्या वेळी तो कमी पडला तर मग रस्सा कितीही चांगला असो, तांतसारखंच कुणीतरी विचारणार, कांदा कुठे आहे?