तळ्यावरील राजहंसांची काळजी

प्रश्न : आमच्या उद्यानातील तळ्यावर पांढरे राजहंस आहेत. लोक त्यांना रोज पाव घालतात. एका पिल्लाच्या पंखाचे टोक बाहेर वळले आहे आणि मे महिन्याच्या उन्हात पाणीही आटत चालले आहे. काय करावे?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : आपली काळजी रास्त आहे. वाढत्या वयात पावासारखे अन्न अती मिळाले की पिसे हाडांच्या मानाने लवकर जड होतात आणि पंख बाहेर वळतो, असे मानले जाते. कोवळ्या वयात आहार सुधारून पंख बांधल्यास तो बहुधा सावरतो, मोठेपणी मात्र नाही. म्हणून पाव थांबवून हिरवे गवत, चिरलेला पालक आणि थोडे धान्य द्यावे. पंख बांधण्याचे काम घरी करू नये. पिल्लाला नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात दाखवावे, आणि तेही लवकर.

मला अधिक चिंता वाटते ती आटत्या पाण्याची. पारा ४५ अंशांच्या आसपास गेला की कुजक्या गाळात बोटुलिझम या आजाराचे जिवाणू विष तयार करू शकतात. त्याने पक्ष्याचे पाय लुळे पडतात, तो मान टाकतो आणि उथळ पाण्यातही बुडतो. असा पक्षी दिसताच त्याला काठावर सावलीत आणून पशुवैद्यकांना कळवावे. मेलेले मासे व पक्षी तळ्यातून त्याच दिवशी काढायला लावावेत आणि तळ्यात ताजे पाणी सोडण्याची लेखी मागणी महापालिकेच्या उद्यान विभागाकडे आजच करावी.