लायब्ररी ४८ ला न्यायची का? सॅम्पल रेटचे तेच ते प्रश्न

हल्ली निम्मे मेल एकाच विषयावर येतायत. स्टेशनला नवा नेटवर्कवाला मिक्सर आला, तो ४८ किलोहर्ट्झवर चालतो (म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने, सॅम्पल, हाच सॅम्पल रेट), गाण्यांची लायब्ररी सगळी सीडीच्या जमान्यातली म्हणजे ४४.१ ची, आता काय करू? कॅम्पस रेडिओवाले विचारतात, कम्युनिटी रेडिओवाले विचारतात, जिल्ह्याच्या गावातले एफएमवालेही विचारतात. प्रत्येकाला वेगळं लिहीत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते. तुमचं सॉफ्टवेअर, तुमचं साउंड कार्ड, तुमचा डेटाबेस मी बघितलेला नाहीये, तेव्हा इथलं वाचून लगेच सर्व्हरवर हात घालायला जाऊ नका.

प्रश्न: आमचा नवीन मिक्सर फक्त ४८ घेतो. साधारण दहा हजार गाणी ४४.१ वर आहेत. सगळी कन्व्हर्ट करावीच लागतील ना? (नाशिक)

बहुतेक नाही. मिक्सरला ४८ लागतं हे खरंय, ऑडिओ नेटवर्कचं एईएस६७ हे जे स्टँडर्ड आहे त्यात ४८ सक्तीचं आहे आणि लाइव्हवायर ही नेटवर्कची दुसरी पद्धत तर ४८ शिवाय दुसरं काही बोलतच नाही. पण मिक्सरला ४८ हवं याचा अर्थ डिस्कवरची फाइल ४८ हवी असा होत नाही. मधे प्लेआउट सॉफ्टवेअर (गाणी-जाहिराती ओळीने वाजवणारं) आहे, त्याच्या खाली साउंड कार्ड चालवणारा ड्रायव्हर आहे, यातलं कोणीतरी गाणं वाजता वाजता रेट बदलून देतं आणि आजच्या कॉम्प्युटरला ते अजिबात जड नाही. काही सॉफ्टवेअर मात्र खरंच हट्टी असतात, सगळ्या सिस्टमचा एकच रेट ठरलेला आणि स्टोअरमधली प्रत्येक फाइल त्याच रेटची पाहिजे. तुमचं कुठल्या जातीचं आहे ते सॉफ्टवेअरच्या सपोर्टला विचारा, आणि उत्तर फोनवर नको, लेखी घ्या. ते ‘वाजता वाजता होतं’ म्हणाले तर लायब्ररीला हात लावू नका, नव्याने येणारं तेवढं ४८ वर घेत चला, विषय संपला.

प्रश्न: ४८ चा आवाज ४४.१ पेक्षा चांगला असतो का?

नाही.

बरं, एक वाक्य जास्त लिहिते. एफएम स्टिरिओमधे १९ किलोहर्ट्झवर पायलट टोन (रेडिओ सेटला ‘हे स्टिरिओ आहे’ सांगणारा सूर) असतो, म्हणून ऑडिओ १५ लाच छाटून पाठवतात, आणि ४४.१ ची फाइल २२ पर्यंतचं धरून ठेवते, म्हणजे तुमच्या श्रोत्यापर्यंत जे पोचतच नाही ते वाढवण्यात काय अर्थ.

प्रश्न: ४४.१ हा असला विचित्र आकडा आलाच कुठून? (एक विद्यार्थी, पुणे)

व्हिडिओ टेपवरून. सुरुवातीला डिजिटल आवाज साठवायला व्हिडिओ रेकॉर्डर वापरायचे, चित्राच्या एका ओळीत तीन सॅम्पल. अमेरिकी-जपानी पद्धतीत २४५ ओळी गुणिले सेकंदाला ६० फील्ड गुणिले ३, युरोपी पद्धतीत २९४ गुणिले ५० गुणिले ३, दोन्हीकडे उत्तर ४४,१०० च येतं. गंमत म्हणजे हा २१० चा वर्ग आहे, आणि २१० म्हणजे २, ३, ५ आणि ७ यांचा गुणाकार. ४८ शी त्याचं प्रमाण १४७ ला १६० असं पडतं, म्हणून हे कन्व्हर्जन दुप्पट-निमपट करण्याइतकं सरळ नाही आणि कुठल्याही फुकट मिळालेल्या बटणावर सोडायचं नाही.

प्रश्न: आमच्या मुलाने एका टूलने सगळ्या फाइल ‘४८’ केल्या, दोन मिनिटांत झालं. आता सगळी गाणी पळतात आणि आवाज चिरका येतो. कार्ड खराब झालं का? (सोलापूर)

कार्ड ठणठणीत आहे. दोन मिनिटांत झालं तिथेच शंका यायला हवी होती. त्या टूलने रेट बदललाच नाही, फाइलच्या माथ्यावर रेट लिहिलेला असतो तेवढा खोडून ४८ केला. आत सॅम्पल तेवढेच, ते आता भराभर वाजतायत, जवळजवळ ९ टक्के जास्त वेगाने. ३ मिनिटांचं गाणं २ मिनिटं ४५ सेकंदांत उरकतं आणि सूर दीड अर्धस्वर वर चढतो, म्हणजे काळी एकमधे गाणारा माणूस पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मधोमध कुठेतरी लटकतो, पेटीवर तो सूरच सापडत नाही. तानपुऱ्याची एखादी फाइल लावून फोनमधल्या ट्यूनरवर बघा, लगेच कळेल.

चांगली बातमी ही की यात काही हरवलेलं नाही, तो आकडा परत ४४.१ केला की गाणं जसंच्या तसं. पण त्या टूलने आकड्याशिवाय आणखी कशाला हात लावला नाही ना, हे बघायला पाच-सहा फाइल एखाद्या जाणत्याला दाखवा आणि मगच बाकीच्या उलट्या फिरवा. मुलाला ओरडू नका, त्याला हे काम सांगितलं कोणी ते बघा.

प्रश्न: एका व्हेंडरने सगळी लायब्ररी ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट ‘एचडी’ करून देतो म्हणून कोटेशन दिलंय. घ्यावं का? (कोल्हापूर)

नका घेऊ. सीडीवरून घेतलेल्या गाण्यात २२ किलोहर्ट्झच्या वर काहीच नाहीये, ९६ केल्यावर तिथे काही उगवत नाही, फाइल तेवढी फुगते. आकडे बघा (तिरक्या रेघेनंतरचा आकडा बिटचा, म्हणजे एका सॅम्पलला किती जागा), स्टिरिओचं एक मिनिट ४४.१/१६ ला साधारण १०.६ एमबी, ४८/१६ ला ११.५, आणि ९६/२४ ला ३४.६. पाच मिनिटांचं एक अशी दहा हजार गाणी धरली तर साधारण अर्ध्या टीबीची लायब्ररी पावणेदोन टीबीवर जाते, आणि मग तोच व्हेंडर तुम्हाला मोठं स्टोरेज विकायला परत येतो. त्याला एवढंच विचारा की २२ च्या वर जे दिसणार आहे ते कुठून आणणार. उत्तर आलं तर मला कळवा, मलाही ऐकायचंय.

प्रश्न: लायब्ररी एमपी३ मधे आहे, तीच ४८ च्या एमपी३ केली तर?

नको. एमपी३ उघडून पुन्हा एमपी३ केली की आवाज दुसऱ्यांदा कापला जातो. आहे तशी वाजवा, सॉफ्टवेअर अडूनच बसलं तर उघडून वेव्ह (न दाबलेली फाइल) करा, आणि मूळ सीडी कपाटात असेल तर तीच पुन्हा रिप करा.

प्रश्न: आमच्या सॉफ्टवेअरला खरंच ४८ च लागतं, विचारून झालंय. शनिवारी रात्री ट्रान्समिशन संपल्यावर बॅच (सगळ्या फाइल एका दमात) लावून त्याच फोल्डरमधे ओव्हरराइट करायचं ठरवलंय, म्हणजे रविवारी सकाळी सगळं तयार. काही काळजी घ्यायची का? (सातारा जिल्हा)

थांबा. शनिवार रद्द करा. हा एक मेल वाचून माझा चहा गार झाला.

‘त्याच फोल्डरमधे ओव्हरराइट’ हे डोक्यातून काढून टाका. मूळ लायब्ररी आहे तशी, रेट-बिट काही न बदलता, वेगळ्या डिस्कवर उतरवायची, चेकसम (प्रत हुबेहूब आहे का ते सांगणारा आकडा) काढून ताडून बघायची, आणि ती डिस्क सर्व्हरपासून काढून स्टेशनच्या बाहेर दुसऱ्या ठिकाणी ठेवायची. रेडमधे (RAID, एकच माल दोन डिस्कवर) आहे म्हणजे बॅकअप आहे असं मला कोणी सांगू नका, एखादी डिस्क मेली तर रेड वाचवतं, तुम्ही स्वतःच्या हाताने गाणं पुसलं तर तेही इमानदारीने दोन्ही डिस्कवर पुसतं. कमांडवरच्या काही टूल्सना आत आणि बाहेर एकच नाव दिलं तर ती आधी मूळ फाइल रिकामी करतात आणि मग वाचायला जातात, वाचायला तिथे काही उरलेलंच नसतं. आणि पहाटे तीनला लाइट गेली तर कुठली झाली, कुठली राहिली आणि कुठली अर्धी आहे हे सोमवारपर्यंत कोण शोधणार?

आता त्याहून महत्त्वाचं, जे कोणी विचारतच नाही. वेव्ह फाइलमधे नुसता आवाज नसतो. ब्रॉडकास्ट वेव्हमधे बेक्स्ट नावाचा कप्पा असतो, कार्ट नावाचा असतो, शीर्षक, गायक, जाहिरात कुठल्या तारखेपर्यंत चालवायची ते, आणि क्यू मार्कर, म्हणजे कुठून सुरू करायचं, कुठे पुढचं लावायचं त्या खुणा. हे मार्कर तिथे सेकंदांत नाही, सॅम्पलच्या मोजणीत लिहिलेले असतात. तुमच्या एका गाण्याला २ मिनिटं ५५ सेकंदांवर सेग मार्कर (इथे पुढचं सुरू कर, ही खूण) आहे समजा, म्हणजे फाइलमधे लिहिलंय ७७,१७,५००. फाइल ४८ ची झाली आणि आकडा तोच राहिला की तो मार्कर येतो २ मिनिटं ४१ सेकंदांच्या आसपास, चौदा सेकंद आधीच. गायक शेवटच्या कडव्यात आहे आणि वरून खतांची जाहिरात सुरू. हा झाला निम्मा घोटाळा, कारण बरीच साधी कन्व्हर्टर त्या कप्प्यांना ओळखतच नाहीत, सरळ टाकून देतात, मग मार्करही गेले आणि जाहिरातीची शेवटची तारीखही गेली, आणि निवडणुकीतली जाहिरात मतदानाच्या दिवशी वाजली तर उत्तर स्टेशन मॅनेजरने द्यायचं. काही सॉफ्टवेअर मार्कर डेटाबेसमधे मिलिसेकंदांत ठेवतात, त्यांना हा त्रास नाही, तरी फाइलचं नाव आणि लांबी तंतोतंत तीच राहिली पाहिजे, नाव बदललं की डेटाबेसच्या लेखी गाणं मेलं. तुमचे मार्कर कुठे राहतात हे तुम्हाला माहितीये का? नसेल तर बॅच लावायचा प्रश्नच येत नाही.

कसं करायचं तेही सांगते. प्रती वेगळ्या फोल्डरमधे करा. टूल चांगलं घ्या, सॉक्स (SoX) नावाचं फुकट आहे आणि त्यातला सगळ्यात वरचा क्वालिटी पर्याय वापरला तर रेडिओसाठी उत्तम आहे, पण तो बेक्स्ट आणि कार्ट सांभाळत नाही, ते वेगळं जपावं लागतं. आधी पन्नासेक फाइल निवडा, त्यात ठरवून सगळे प्रकार घ्या, जुनं भावगीत, मोनो भाषण, धांगडधिंगा, जिंगल, जाहिरात, लांबलचक कीर्तन. शिवाय २० हर्ट्झपासून २० किलोहर्ट्झपर्यंत चढत जाणारा एक टोन घालून तोही त्याच टूलमधून काढा आणि स्पेक्ट्रोग्राममधे (आवाजातल्या वारंवारता दाखवणारं चित्र) बघा, एकच स्वच्छ रेघ वर जायला हवी, तिच्या जोडीला उलट उतरणारी दुसरी रेघ दिसली तर टूल बदला. मग या फाइल स्पेअर मशीनवर, ऑन एअर मशीनवर नव्हे, आठवडाभर वाजवा, आणि मार्कर कानाने तपासा. एवढं झालं की तुमच्या सॉफ्टवेअरच्या सपोर्ट इंजिनिअरला समोर बसवा, निदान स्क्रीन शेअर करून, आणि मग बाकीची. घाई कसली आहे? स्टेशन आज ४४.१ वर चालूच आहे की.

प्रश्न: आम्ही कन्व्हर्ट केलं, नवीन सिनेमाची गाणी मधेच तडतडतात, जुनी ठीक आहेत. असं का? (छत्रपती संभाजीनगर)

नवीन गाणी कमाल पातळीला टेकवूनच मास्टर केलेली असतात. आवाजाच्या लाटेचं खरं टोक पुष्कळदा दोन सॅम्पलच्या मधे असतं, रेट बदलताना नवीन सॅम्पल नेमकं त्या टोकावर पडतं, ते कमाल मर्यादेच्या वर जातं आणि छाटलं जातं, तीच तडतड. मूळ फाइल घ्या (आहे ना?), कन्व्हर्जनच्या आधी पातळी २-३ डीबी (डेसिबल) खाली आणा, सगळ्या लायब्ररीला सारखंच, आणि पुन्हा करा. मूळ १६ बिटचंच पुन्हा १६ बिटमधे ठेवणार असाल तर शेवटी डिदर (बिट छाटताना घालायची बारीकशी खरखर) लावा. तडतडणारी फाइल नंतर कमी आवाजात सेव्ह करून काही उपयोग नाही, छाटलेलं छाटलं. त्यानंतरही तडतड राहिली तर दोष लायब्ररीत नसून ट्रान्समिटरआधीच्या ऑडिओ प्रोसेसरच्या सेटिंगमधे असू शकतो, तो ज्याने बसवला त्याला बोलवा.

प्रश्न: श्रोते व्हॉट्सॲपवर आवाज पाठवतात, तो ४८ केला तर सुधारेल का?

नाही. ४८ करा, कारण सिस्टमला लागतं. सुधारायचा असेल तर श्रोत्याला सांगा, पंखा बंद करून बोला.

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीहून मराठी इंटरनेट रेडिओ चालवतो. स्ट्रीम ४४.१ ठेवू की ४८?

एमपी३ किंवा एएसीमधे देत असाल तर लायब्ररी ज्या रेटची आहे तोच ठेवा. ओपसमधे देत असाल तर ४८, त्याला ४४.१ येतच नाही. होस्टिंगवाल्याला एकदा विचारून घ्या, काहीजण त्यांच्या बाजूला पुन्हा एन्कोड करतात आणि सांगत नाहीत.

प्रश्न: आकाशवाणीच्या काळातले टेपचे काही स्पूल आमच्या घरी आहेत, कीर्तनं आणि लोकगीतं. पुढेमागे डिजिटल करायचे आहेत. कुठल्या रेटला करू? (रत्नागिरी)

इथे मात्र मी वरच्या रेटच्या बाजूने आहे, कारण हे मूळ आहे, दुसरी प्रत कुठे नसणार. ध्वनिसंग्रहांची जी आंतरराष्ट्रीय संघटना आहे, आयासा, ती किमान ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट म्हणते, ९६ जमलं तर ९६ करा. आवाज ‘स्वच्छ’ करायचा तो नंतर प्रतीवर, मूळ ट्रान्सफर खरखरीसकट जसंच्या तसं ठेवायचं.

पण रेटपेक्षा मला ते ‘पुढेमागे’ खुपतंय. कोकणातल्या दमटपणात टेपला बुरशी धरते, आणि चालू स्थितीतली स्पूल मशिन्स आणि ती दुरुस्त करणारी माणसं दोन्ही कमी होतायत. पांढरी भुकटी किंवा वास असेल तर मशीनवर चढवू नका, टेप चिकट लागत असेल तर जबरदस्तीने सोडवू नका, उन्हात तर मुळीच वाळवू नका, डबे उभे ठेवा, वर काय लिहिलंय त्याचे फोटो काढा, आणि टेपचं काम करणाऱ्या माणसाला याच महिन्यात दाखवा.