माफीआधी दप्तर उघडा

प्रश्न : अमेरिकेतल्या इव्हँजेलिकल लुथरन चर्चने २०२१ मध्ये तिथल्या मूलनिवासींना उद्देशून आपल्या पूर्वीच्या चुकांच्या कबुलीचा जाहीरनामा काढला. पण मुलांना घरापासून तोडणाऱ्या निवासी शाळा सरकारच्या आणि कॅथलिकांच्या होत्या ना? लुथरनांचा काय संबंध?

उत्तर : कायदा आणि पैसा सरकारचा, शाळा चालवायला मिशनरी, अशी ती वाटणी होती. १८१९ च्या कायद्याने मूलनिवासींना ‘सुधारण्या’साठी वर्षाला १०,००० डॉलर बाजूला काढले, ते बहुतांशी मिशनांच्या हाती गेले. अमेरिकी इंटिरिअर खात्याच्या २०२४ च्या अहवालात सरकारी मदतीच्या ४१७ शाळा आणि किमान ९७३ मुलांचे मृत्यू नोंदले आहेत. निव्वळ चर्चच्या पैशांवर चाललेल्या शाळा त्या ४१७ मध्ये धरलेल्याच नाहीत.

लुथरनांचा वाटा लहान, पण आहे. विस्कॉन्सिनमध्ये नॉर्वेजियन लुथरनांनी बेथनी मिशनची शाळा काढली. तिथे हो-चंक, ओनायडा अशा समाजांची मुले होती. गावाचे नाव विटेनबर्ग, म्हणजे ज्याच्या नावाने लुथरन पंथ निघाला तो ल्यूथर जर्मनीत जिथे शिकवत होता त्या शहराचेच. त्याच राज्यात मिझुरी सिनडच्या लुथरनांनी स्टॉकब्रिज-मन्सी मोहिकन लोकांत मिशन चालवले. मिझुरी सिनड हे वेगळे चर्च आहे, त्यामुळे २०२१ चा जाहीरनामा त्याच्या वतीने नाही. बातम्यांत ‘लुथरन चर्च’ असे मोघम छापून येते आणि इथेच गफलत होते.

प्रश्न : अशा शाळेचे जुने दप्तर, म्हणजे कागदपत्रे, शोधायचे तर सुरुवात कुठून करावी?

उत्तर : शाळेच्या नावापासून नको, चर्चच्या वंशावळीपासून करा. आजचे इव्हँजेलिकल लुथरन चर्च १९८८ मध्ये तीन चर्चेस मिळून झाले. त्या तिघांतली दोन मोठी चर्चेसही आधीच्या नॉर्वेजियन, स्वीडिश, डॅनिश, जर्मन मंडळ्या एकत्र येऊन बनली होती. दर विलीनीकरणात कपाटे हलली, काही कागद कॉलेजांकडे गेले, काही पाळकांच्या घरीच राहिले. म्हणून त्या वर्षी ती शाळा नेमक्या कोणत्या मंडळीकडे होती हे आधी ठरवा. मिझुरी सिनडचे कागद असतील तर सेंट लुईसची कॉन्कॉर्डिया हिस्टॉरिकल इन्स्टिट्यूट गाठावी लागते.

मग सरकारी प्रत पाहा. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात मूलनिवासींचा कारभार पाहणाऱ्या इंडियन व्यवहार कार्यालयाचे कागद ‘रेकॉर्ड ग्रुप ७५’ मध्ये आहेत. विस्कॉन्सिनचे बरेचसे शिकागो शाखेत मिळतात. मिशनचे अहवाल मात्र नॉर्वेजियन किंवा जर्मनमध्ये, गॉथिक छापात असतात. हस्तलिखित असेल तर जुनी जर्मन लिपी वाचणारा माणूस बरोबर हवा. या कामात बहुतेकांची गाडी इथेच अडते.

सगळ्यात मोठा घोळ नावांचा. लकोटा समाजातला मुलगा ओटा क्टे १८७९ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइल शाळेत आला. फळ्यावर खडूने इंग्रजी नावे लिहिली होती, त्याच्या लेखी नुसत्या रेघोट्या. त्या वाचता येत नसताना त्याने हातातल्या काठीने एकीवर टेकवले आणि तो ‘ल्यूथर’ झाला. बापाचे नाव आडनाव म्हणून मागे लागले : ल्यूथर स्टँडिंग बेअर. कार्लाइल सरकारी शाळा होती, लुथरनांची नव्हे. पण काठीच्या एका हालचालीत नाव कसे पुसले जाई, ते यात दिसते. म्हणून नावावरून शोधू नका. वय, समाज, एजन्सी (त्या समाजावर देखरेख करणारे सरकारी कार्यालय) आणि दाखल झाल्याची तारीख या चार गोष्टी जुळवा. कार्लाइलच्या विद्यार्थी-कार्डावर इंग्रजी नाव, मूळ नाव, आईबाप हयात की मृत, ‘रक्त’ किती (म्हणजे किती अंश मूलनिवासी), उंची, वजन, आगमन, सुटका आणि सुटकेचे कारण असे रकाने आहेत. शेवटचा रकाना नीट वाचा. ‘आजारपण’ लिहून घरी धाडलेले मूल पुढे महिन्याभरात दगावले, तरी शाळेच्या मृत्युसंख्येत ते येत नाही.

काही सापडलेच तर आधी त्या समाजाच्या शासनाला आणि कुटुंबाला कळवा, मग छापण्याचे बोला. उलट्या क्रमाने केले की पुढची दारे बंद होतात, आणि ते योग्यच आहे.

प्रश्न : शाळेच्या आवारात रडार फिरवून थडगी सापडतात म्हणतात. ते कितपत खरे?

उत्तर : रडारला हाडे दिसत नाहीत. माती कधीतरी उकरली गेली होती, एवढेच दिसते. साधारण ४०० ते ५०० मेगाहर्ट्झची अँटेना २५ ते ५० सेंटिमीटर अंतराच्या समांतर ओळींत ओढतात. लहान मुलाचा खड्डा छोटा, म्हणून ओळी जवळ हव्यात. झाडाची मुळे, उंदीर-घुशींची बिळे, जुने पाइप हे सगळे फसवतात. ओल्या चिकणमातीत तर लहरी वरच विरतात. म्हणून अहवालात ‘संभाव्य थडगी’ हाच शब्द योग्य, आणि खणायचे की नाही हे ठरवणार मुलांचा समाज.

प्रश्न : युरोपातल्या लुथरनांनी असे काही केले आहे का?

उत्तर : स्वीडनने केले, आणि क्रम नीट पाळला. चर्च ऑफ स्वीडनने आधी संशोधकांकडून सामी, म्हणजे तिथल्या उत्तरेकडच्या मूलनिवासी लोकांशी झालेल्या व्यवहाराची श्वेतपत्रिका लिहून घेतली. ती २०१६ मध्ये आली. आर्चबिशप आन्तये याकेलेन यांनी नोव्हेंबर २०२१ मध्ये उप्सालाच्या कॅथीड्रलमध्ये माफी मागितली, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये सामींच्या मुलखाजवळ लुलेओ इथे पुन्हा. सोबत दहा वर्षांसाठी ४ कोटी क्रोनर ठेवले.

तिथला गुन्हा अमेरिकेच्या नेमका उलट होता. अमेरिकेत मुलांना ‘गोरे’ करायचे होते. स्वीडनमध्ये १९१३ पासूनच्या ‘भटक्या शाळां’त रेनडियर पाळणाऱ्यांच्या मुलांना मुद्दाम वेगळे ठेवले, काहींना तंबूवजा झोपड्यांत, कमी अभ्यासक्रम देऊन शिकवले. हेतू हा की सुखसोयींची सवय लागून त्यांचे रेनडियर पाळणे सुटू नये. हे धोरण रेटण्यात पाळक पुढे होते. घरी शेती करणाऱ्या सामींची मुले मात्र स्वीडिश शाळेत, भाषेला मुकली.

प्रश्न : एखाद्या मंडळीला स्वतःच्या जागेबद्दल खरे बोलायचे असेल तर?

उत्तर : जागेचा कागद मागे मागे न्या. काउंटीच्या दस्त नोंदणीपासून सरकारच्या मूळ पट्ट्यापर्यंत, तिथून पुढे मूलनिवासींच्या हातून गेलेल्या जमिनी दाखवणाऱ्या १८९९ च्या रॉयस नकाशांवर. त्यात प्रत्येक भूभागाला क्रमांक आहे आणि तो कोणत्या करारात गेला ते कळते. एकच नाव सापडेल असे धरून चालू नका. स्टॉकब्रिज-मन्सी मूळचे हडसन खोऱ्यातले. विस्कॉन्सिनमधली त्यांची आजची जागा आधी मेनोमिनींची होती. ही जमीन कोणाची ते सांगणारा, प्रार्थनेआधी वाचायचा मजकूर भूतकाळात लिहू नका, कारण ते लोक आजही शेजारी राहतात. आणि त्यांच्या वडीलधाऱ्यांना बोलवाल तर मानधन द्या.

प्रश्न : मूलनिवासींना ‘इंडियन’ म्हणावे का?

उत्तर : समाजाचे स्वतःचे नाव आधी : हो-चंक, दिने, सामी. पण दप्तरात शोधताना जुनीच नावे टाका : विनेबागो, नॅव्हाहो, लॅप. नव्या नावाने शोधले तर अर्धे कागद हाती लागत नाहीत.