‘एफ ऑफ एक्स’ म्हणजे एफ गुणिले एक्स नव्हे, हे मुलाला कसं समजावू?

तुम्ही लिहिलंय की मुलगा अकरावी सायन्सला आहे, आकडेमोडीत पक्का आहे, पण फंक्शनच्या, म्हणजे एक किंमत दिली की एकच ठरलेलं उत्तर देणाऱ्या नियमाच्या, धड्यात अडलाय. ‘एफ ऑफ 3’, म्हणजे f(3), दिसलं की 3एफ लिहून मोकळा होतो. मी डोंबिवलीत अकरावी-बारावीचं गणित शिकवते. ही चूक दरवर्षी दिसते, आणि चांगल्या मुलांच्या वहीतही दिसते. त्यात त्याचा दोष नाही. अक्षराला चिकटून कंस आला की गुणाकार करायचा, हे आपणच त्याला इतकी वर्षं शिकवलं. आता तीच खूण वेगळं काही सांगतेय, पण तसं कुणी त्याला बसवून सांगितलेलं नाही.

माझा आग्रह एकच आहे: सूत्र मागाहून द्या, आधी खरे आकडे द्या. क्ष वर्ग अधिक 1 असं काही हातात पडलं की मुलं लगेच किमती घालत सुटतात आणि फंक्शन म्हणजे सूत्र, असं डोक्यात बसतं. ते मग निघता निघत नाही.

मी महाराष्ट्राच्या जनगणनेपासून सुरुवात करते. फंक्शनचं नाव एफ ठेवतच नाही, ‘लो’ ठेवते. लोकसंख्येचा लो. फळ्यावर लिहिते: लो(1961) = 3.96 कोटी, लो(1971) = 5.04, लो(1981) = 6.28, लो(1991) = 7.89, लो(2001) = 9.69, लो(2011) = 11.24. मग मोठ्याने वाचून घेते: ‘1991 सालची लोकसंख्या 7.89 कोटी’. ‘लो गुणिले 1991’ असं कुणाच्या तोंडून येतच नाही, कारण त्याला काही अर्थ नाही हे ऐकूनच कळतं. कंसात आपण विचारलेलं साल, बरोबरच्या चिन्हापुढे मिळालेलं उत्तर. कंसाची ही खूण गणितज्ञ ऑयलरने 1734 च्या सुमारास वापरात आणली, आणि तिचं काम तेव्हापासून हेच आहे.

या एका तक्त्यावर दोन दिवस सहज जातात. लो(2011) वजा लो(2001) म्हणजे 1.55 कोटी, दहा वर्षांतली वाढ. पण लो(2001 + 10) म्हणजे लो(2001) + लो(10) का? मुलं क्षणभर थांबतात, मग कुणीतरी म्हणतं, ‘मॅडम, सन 10 मध्ये कुठली जनगणना?’ कंस फोडून आत वाटायची सवय तिथेच सुटायला लागते. उलटा प्रश्नही विचारा: लो(साल) = 6.28 कोटी, तर साल कोणतं? परीक्षेत ‘एक्सची किंमत काढा’ म्हणतात ते हेच.

आणि लो(2021)? मुलं पटकन 13 कोटी म्हणतात. पण ती जनगणना कोविडमुळे पुढे ढकलली गेली. तक्त्यात 2021 नाहीच. पुस्तकात ज्याला डोमेन म्हणतात, ते म्हणजे ज्या किमतींना उत्तर आहे त्यांची यादी. 2021 त्या यादीबाहेर. अंदाज जरूर बांधावा, पण त्या अंदाजाच्या फंक्शनला दुसरं अक्षर द्यावं, ‘लो’ म्हणू नये.

दुसरा तक्ता पावसाचा, आणि तो मला सर्वांत जवळचा आहे. प्रश्न साधा: 26 जुलै 2005 ला मुंबईत किती पाऊस पडला? आताची मुलं तेव्हा जन्मलीही नव्हती, पण त्या दिवसाच्या गोष्टी घरोघरी आहेत. एका वर्षी एक मुलगी म्हणाली, तिचे बाबा अंधेरीहून रात्रभर पाण्यातून चालत आले. शेजारचा मुलगा म्हणाला, त्याची आई फोर्टात ऑफिसला होती आणि तिकडे तर एवढा पाऊसच नव्हता. दोघंही एकमेकांना खोटं ठरवायला निघाले होते. मी फळ्यावर वेधशाळेचे आकडे लिहिले. 27 च्या सकाळी साडेआठला संपलेल्या 24 तासांत अंधेरीकडच्या सांताक्रूझला 944 मिलिमीटर, फोर्टाजवळच्या कुलाब्याला 73. वर्ग एकदम गप्प झाला.

मग मी विचारलं, ‘पाऊस(26 जुलै)’ असं लिहिता येईल का? एकाच तारखेला दोन उत्तरं येतात, म्हणजे ते फंक्शन नाही. ठिकाण सांगावं लागेल: सां(26 जुलै) = 944, कु(26 जुलै) = 73. आत एकच तारीख, बाहेर दोन नावं. एफ आणि जी अशी दोन अक्षरं का लागतात, हे मला त्यानंतर वेगळं सांगावं लागलं नाही. ती मुलगी स्वतःच म्हणाली, ‘म्हणजे बाबा सां आणि त्याची आई कु.’

उलट बाजूने मात्र सूट आहे. सां(तारीख) = 0 अशा तारखा विचारा; जानेवारीतलेच कितीतरी दिवस निघतील. अनेक तारखांना एकच उत्तर चालतं, एका तारखेला दोन उत्तरं चालत नाहीत. पुस्तकातल्या फंक्शनच्या व्याख्येतलं लांबलचक वाक्य याहून जास्त काही सांगत नाही.

एवढं पचलं की सूत्राकडे या. मुंबईतलं रिक्षाभाडं 1 फेब्रुवारी 2025 पासून पहिल्या दीड किलोमीटरला 26 रुपये आणि पुढे किलोमीटरला 17.14. म्हणजे दीडच्या पुढे भा(कि) = 26 + 17.14 × (कि − 1.5). भा(4) त्याला काढू द्या, 68.85 येईल, म्हणजे मीटरवर जवळपास 69. इथे सूत्राच्या आत खराखुरा गुणाकार आहे आणि भा(4) मध्ये नाही; दोन्ही कंस एकाच ओळीत शेजारी लिहून दाखवा.

मग त्याला विचारा, 4 किलोमीटरला भाडं कायम तेवढंच होतं का? मध्यरात्रीनंतर घरी आल्याचं त्याला आठवलं, तर भा(4) एवढं लिहून भागत नाही, वेळही सांगावी लागते, हे तो आपणहून म्हणेल.