एकच कॉमा का जातो?

प्रश्न: दादरला मित्राच्या दुकानाचं बिलिंग पेज जावास्क्रिप्टमध्ये करतोय, '1,25,000' मधले कॉमा काढायला रिप्लेस वापरलं तर एकच जातो, आणि पार्सइंट (मजकुरातून पूर्णांक काढणारं फंक्शन) केलं की नुसते 125 येतात! असं का?
– एक वाचक, परळ

उत्तर: रिप्लेसला साधी स्ट्रिंग (म्हणजे मजकूर) दिली की ते पहिलाच कॉमा काढतं, उरतं '125,000', आणि पार्सइंट कॉमा दिसला की तिथेच थांबतं, एररही देत नाही, म्हणून हे जास्त डेंजर, सव्वा लाखाचं बिल सव्वाशेचं होऊन बसतं. सगळे कॉमा काढायला रिप्लेसऑल वापरा, 2021 पासून भाषेत आलंय. जुना ब्राउझर असेल तर कॉमावर स्प्लिट करून रिकाम्या स्ट्रिंगने जॉइन करा. आणि हो, मूळ स्ट्रिंग बदलत नाही, नवीन मिळते, ती व्हेरिएबलमध्ये ठेवायला विसरू नका. पार्सइंट दशांश चिन्हानंतरचे पैसेही उडवतं, त्याऐवजी नंबर हे फंक्शन वापरा.