एक संगणक, 38 मुले आणि कोयनेचा प्रश्न

"शाळेत चालू संगणक एकच आहे, नेट कधी असते कधी नसते आणि वर्गात 38 मुले आहेत, मग इंटरनेटवर आधारित शोध-उपक्रम घ्यायचा तरी कसा?" शिक्षकांशी बोलताना हा प्रश्न माझ्यासमोर वारंवार येतो. सातारा जिल्ह्यात आठवीला शिकवणाऱ्या एका बाईंनी तो विचारला, तेव्हा त्यांची खरी खंत साधनांपुरती नव्हती. आधीच्या प्रकल्पात त्यांनी मुलांना घरच्या मोबाईलवरून माहिती आणायला सांगितले होते. काही मुले रंगीत छापील पाने चिकटवून घेऊन आली आणि ज्यांच्या घरचा एकमेव फोन वडिलांबरोबर कामावर जात होता, ती गप्प बसून राहिली. "सर, हुशारीचा प्रश्नच नव्हता, फोनचा होता," असे त्या म्हणाल्या. त्यांची ही अस्वस्थता मला अगदी योग्य वाटली.

या निमित्ताने मी त्यांना 'वेबक्वेस्ट' या पद्धतीची ओळख करून दिली. सॅन डिएगो स्टेट युनिव्हर्सिटीतील बर्नी डॉज यांनी टॉम मार्च यांच्या साथीने 1995 मध्ये ती मांडली. या पद्धतीत वाचायची संकेतस्थळे शिक्षक आधीच निवडून ठेवतात, म्हणजे मुलांचा वेळ माहिती हुडकण्यात न जाता तिचा विचार करण्यात जातो. डॉज यांनी छोट्या उपक्रमासाठी एक ते तीन तासिका आणि मोठ्यासाठी आठवडा ते महिना असा कालावधी सुचवला होता. आपल्याकडच्या शाळांना यातून मोठा आधार मिळतो, कारण पाने आधीच ठरलेली असली की ती नेट चालू असताना उतरवून ठेवता येतात, छापता येतात आणि पडद्यासमोरचे काम मोजक्या मिनिटांत आटोपते.

विषय आम्ही कोयनेचा घेतला. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे झालेल्या भूकंपाच्या आठवणी त्या भागातील आजी-आजोबांकडे आहेत आणि 'धरणाच्या जलाशयामुळे हा भूकंप घडला का?' या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही एका पानावरून उतरवून काढता येत नाही. वर्गाचे चार गट केले: एका गटाने जलाशय आणि भूकंप यांच्या संबंधावरील छापील मजकूर वाचायचा, दुसऱ्याने नकाशावर धरण, कोयनानगर आणि आसपासची गावे दाखवायची, तिसऱ्याने वडीलधाऱ्यांना विचारायचे प्रश्न तयार करून मुलाखती घ्यायच्या आणि चौथ्याने संगणकावर बसायचे. तासिका बदलली की गटांचे कामही बदलायचे, त्यामुळे संगणक प्रत्येकाच्या वाट्याला आला. घरच्या मोबाईलवर करायचे काम मात्र एकही ठेवले नाही. माझ्या दृष्टीने ही अट सर्वांत महत्त्वाची होती आणि बाईंनी ती कसोशीने पाळली.

संगणकावरच्या गटात माउस कोणी धरायचा, यावरून नेहमीच ओढाताण होते. बाईंनी नियम केला की ज्याच्या हाती माउस असेल त्याने काय उघडायचे ते ठरवायचे नाही; ते शेजारच्याने सांगायचे आणि तिसऱ्याने नोंद घ्यायची. एरवी वर्गात फारसे न बोलणाऱ्या एका मुलीने अशी नोंद घेत असतानाच विचारले, "बाई, या पानावर भूकंप 6.3 चा आहे आणि त्या पानावर 6.5 चा. खरा कोणता?" मोजमापाच्या पद्धती वेगवेगळ्या असल्याने आकडे बदलतात, हे बाईंनी समजावले, पण त्याआधी त्यांनी तो प्रश्न फळ्यावर लिहून सगळ्या वर्गापुढे ठेवला, हे मला अधिक मोलाचे वाटते. दोन पाने शेजारी ठेवून वाचण्याची सवय लागली, की मुले एका पानावर विसंबून राहत नाहीत.

ज्या शाळेत संगणक कक्ष आहे तिथे एका यंत्रावर दोन-तीन मुले बसवून हीच रचना चालते, फक्त गट फिरवावे लागत नाहीत. प्रोजेक्टर असेल तर एकच पान संपूर्ण वर्गाने मिळून वाचावे आणि नेट अजिबात नसेल तर उतरवून घेतलेली पाने पुरतात.

मूल्यमापनाबाबत बाई शेवटपर्यंत साशंक होत्या, कारण देखण्या पानांना गुण देण्याची सवय आपल्या सर्वांनाच असते. म्हणून आम्ही गुणांचे निकष कामाला सुरुवात होण्यापूर्वीच वर्गात लावले: आपले मत कोणत्या पुराव्यावर बेतले आहे ते सांगणे, त्याविरुद्ध जाणारा एखादा मुद्दा नोंदवणे आणि मुलाखतीतील माहिती सांगणाऱ्याच्या शब्दांत लिहिणे. चित्रे, रंग आणि छपाई यांना गुण ठेवले नव्हते.